परदेशात पैसे पाठवायचं अ‍ॅप: 'पाठवा' दाबल्यानंतर माणसाला काय दिसायला हवं?

चौकट

नमस्कार मंडळी.

एका देशातून दुसऱ्या देशात पैसे पाठवायचं एक साधं अ‍ॅप आम्ही आखतोय. कोड लिहायला अजून हात घातलेला नाही, कागदावर पडदे काढणं चालू आहे. ज्यांच्यासाठी हे करायचंय त्यांचा फोनशी संबंध बोलण्यापुरता आणि फोटो बघण्यापुरता. घरापासून लांब राहून राबणारी, दर महिन्याला घरी पैसे धाडणारी माणसं, आणि पलीकडे ते पैसे ज्यांच्या खात्यावर जमा होतात ती बहुतेक वयस्कर मंडळी.

बैठकीत 'सोपं करा' म्हटलं की सगळे पडदे कमी करायला निघतात. पाचाचे तीन, तिनाचे दोन. मला ते पटत नाही. पैसे पाठवणाऱ्यांच्या शेजारी बसून मी पाहिलंय. रक्कम टाकताना ती माणसं अडत नाहीत, नाव शोधतानाही फारशी नाहीत. 'पाठवा' दाबतात आणि तिथे खरी अडतात. हिरवी खूण येते, 'यशस्वी' असं काहीतरी येतं. त्या क्षणी पैसे कुठेच पोचलेले नसतात, फक्त आपल्या खात्यातून निघालेले असतात. मग पुढचे काही तास, कधी दोन-तीन दिवस, तीच माणसं परत परत अ‍ॅप उघडतात, घरी फोन लावून 'आले का?' विचारतात.

ह्या लोकांना बटणांची भीती वाटत नाही, पैसे मधल्या मध्ये गडप होतील ही भीती असते. म्हणून आमची निम्मी मेहनत 'पाठवा'च्या पुढच्या पडद्यावर लागली पाहिजे, असं मी धरून बसलेय. तुमच्यात बँकेतले आहेत, सॉफ्टवेअरवाले आहेत, स्वतः पैसे पाठवणारेही आहेत. त्या पडद्यावर काय असावं, काय अजिबात नसावं, मोकळेपणाने लिहा.

मिताक्षरा

महत्त्वाचा धागा. वाचतेय. वाचनखूण साठवली.

जमाखर्च

चौकट, विषय मोलाचा काढलात. माझी सगळी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात गेली, म्हणून आधी पडद्यामागे काय चालतं ते सांगतो. ते कळल्याशिवाय पडद्यावर काय लिहायचं हे ठरणार नाही.

पैसा सीमा ओलांडत नाही, ओलांडतो तो निरोप. एका बँकेचं परदेशातल्या दुसऱ्या बँकेत खातं असतं, त्याला आम्ही नोस्ट्रो म्हणायचो. तुम्ही इकडे पैसे भरले की तुमची बँक तिकडच्या बँकेला कळवते, 'आमच्या खात्यातून इतके वजा करा आणि अमक्याला द्या.' हे निरोप पोचवणारी स्विफ्ट ही संस्था १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली आणि १९७७ पासून तिच्यावरून कामकाज सुरू झालं. ती स्वतः एक पैसाही हलवत नाही. दोन बँकांचं एकमेकींकडे खातं नसेल तर मध्ये तिसरी येते, कधी चौथी. प्रत्येकीची व्यवहार बंद करायची वेळ वेगळी. सुट्टीचे वार वेगळे, कुठे शनिवार-रविवार तर कुठे शुक्रवार-शनिवार. नावं तपासायची रीतही प्रत्येकीची आपली आपली. एवढ्या हातांतून जाताना उशीर होतो तो असा.

आता शुल्काचं. मधली बँक आपला आकार त्याच रकमेतून कापून घेऊ शकते. स्विफ्टच्या निरोपात त्यासाठी तीन पर्याय असतात: सगळा खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा, दोघांनी वाटून घ्यायचा किंवा सगळा घेणाऱ्याच्या माथी मारायचा. काही अ‍ॅप हा प्रश्न ग्राहकाच्या पुढ्यात जसाच्या तसा टाकतात. बँकेत वर्षानुवर्षं बसलेले लोकही त्यात चाचपडतात, तिथे तुमच्या ग्राहकाने काय करायचं? तुम्ही ठरवा, तुम्ही सोसा, आणि त्याला एकच आकडा दाखवा: घरी नेमके किती पोचणार. तो आकडा पडद्यावर सगळ्यात मोठा.

आणि 'शुल्क शून्य' असं कृपा करून लिहू नका. शुल्क शून्य ठेवून चलन बदलायच्या दरात कमवायची युक्ती जुनी आहे. बाजारातला मधला दर एक, ग्राहकाला लावलेला दर दुसरा, त्यातला फरक खिशात. जागतिक बँक ह्या खर्चावर नजर ठेवते आणि तिच्या हिशेबात शुल्क आणि दरातला फरक दोन्ही धरलेले असतात. तसं मोजलं तर २०० डॉलर पाठवायचा जगाचा सरासरी खर्च अजूनही ६ टक्क्यांच्या वर आहे, आणि सगळ्यात महाग मार्ग बँकांचाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलंय, आणि ५ टक्क्यांहून महाग मार्ग एकही राहू नये असंही. कष्टकऱ्याच्या पैशातले सहा टक्के ही थोडी रक्कम नव्हे. तुमच्या अ‍ॅपने शुल्क आणि दरातला फरक एकत्र करून 'एकूण खर्च' म्हणून एका ओळीत दाखवला, तर मला फार समाधान वाटेल.

दूरदेशी

मी ह्या धाग्यातला गिऱ्हाईक. दर महिन्याला घरी पैसे पाठवतो.

एकदा आईच्या औषधपाण्यासाठी पैसे पाठवले. अ‍ॅपवर 'प्रक्रिया सुरू आहे'. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मदतीच्या नंबरवर यंत्र बोलत होतं, एक दाबा, दोन दाबा. पैसे शेवटी पोचले, एक छदामही कमी नाही. तिकडे बँकेला जोडून सुट्ट्या आल्या होत्या, एवढंच कारण. पण हे त्या अ‍ॅपला माहीत नव्हतं का? सुट्ट्या काही गुपित नसतात. 'तुमचे पैसे तिकडच्या बँकेत पोचलेत, बँक गुरुवारी उघडेल, तेव्हा जमा होतील' एवढं एक वाक्य मला कोणी दाखवलं असतं तर मी झोपलो असतो. आईला धीर देता आला असता.

चौकटताई, तुमचं बरोबर आहे. पडदे दोन असोत नाहीतर सात, मला काही फरक पडत नाही. माझे पैसे ह्या घडीला कुठे आहेत ते सांगा.

कोष्टक

दूरदेशी, ते सांगणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि म्हणूनच न सांगणं मला अक्षम्य वाटतं.

स्विफ्टने २०१७ मध्ये जीपीआय नावाची सोय आणली. त्यात प्रत्येक व्यवहाराला ३६ खुणांचा एक न बदलणारा क्रमांक मिळतो आणि २०१८ च्या नोव्हेंबरपासून तो सगळ्याच बँकांना निरोपासोबत जोडावा लागतो. कुरिअरच्या पावतीसारखा हा क्रमांक शेवटपर्यंत तोच राहतो आणि त्यावरून पैसे कोणत्या बँकेपाशी आहेत हे कळतं. जीपीआयच्या आकडेवारीचा २०२२ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की निम्मे व्यवहार दोन तासांच्या आत पुरे होतात, आणि जे रखडतात ते बहुतांशी शेवटच्या टप्प्यात, म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेत रखडतात. म्हणजे दूरदेशींच्या बाबतीत घडलं तेच जगभर घडतंय.

तो ३६ खुणांचा क्रमांक माणसाला दाखवू नका. आत ठेवा, त्याच्या जोरावर साधी वाक्यं दाखवा. मदतीला फोन करताना सांगायला चार-पाच आकड्यांची छोटी पावती पुरते.

दुसरी गोष्ट चौकट यांच्या 'पाठवा'च्या क्षणाशीच जोडलेली आहे. नेट कमकुवत असतं. माणूस 'पाठवा' दाबतो, चाक फिरत राहतं, काही होत नाही, तो पुन्हा दाबतो. पहिली विनंती सर्व्हरला पोचलेली असते, फक्त उत्तर परत येताना हरवलेलं असतं. आता पैसे दोनदा गेले. ह्यावर उपाय सोपा आहे. पुष्टीचा पडदा उघडतानाच फोनने त्या व्यवहाराला एक क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक घेऊन विनंती दहादा आली तरी सर्व्हरने एकदाच पैसे काढायचे, बाकी नऊ वेळा पहिलंच उत्तर परत द्यायचं. हे पहिल्या दिवसापासून हवं, मागाहून शिवता येत नाही. आणि पडद्यावरही लिहा: 'नेट गेलं आहे. पुन्हा दाबलंत तरी पैसे एकदाच जातील.' ही ओळ वाचून माणूस निर्धास्त होतो. ती ओळ खरी असली पाहिजे, एवढंच.

चौकट

जमाखर्चकाका, कोष्टक, दोघांचे आभार. दूरदेशी, तुमचं ते एक वाक्य मी भिंतीवर लावतेय.

नंतरच्या पडद्याचा कच्चा मजकूर देते. वर माणसाचा फोटो आणि नाव, खाली पोचणारी रक्कम, आणि त्याखाली चार ओळी. झालेल्या ओळीपुढे खूण आणि वेळ, चालू ओळ ठळक:

तुमच्या खात्यातून पैसे निघाले. सकाळी १०:१२
आमच्याकडे आले, बदलून झाले. सकाळी १०:४०
शालिनी यांच्या बँकेकडे पोचले. दुपारी १:०५
शालिनी यांच्या खात्यात जमा व्हायचे आहेत. उद्या दुपारी १२ पर्यंत होतील.

हिरवा रंग फक्त चौथी ओळ पुरी झाल्यावर. त्याआधी 'यशस्वी' हा शब्द कुठेही नाही. वेळ टळली तर ओळ आपणहून बदलेल, नवी वेळ आणि उशिराचं कारण दाखवेल, आणि माणसाने अ‍ॅप उघडायची वाट न बघता त्याला कळवेल. कसं वाटतं?

पायवाट

मी जरा उलट बाजूने बोलतो. नंतरचा पडदा सुंदर आहे, वाद नाही. पण तिथवर माणूस पोचला तर. ग्राहकाच्या डोक्यावर पुष्टीचे पडदे लादत गेलात की तो अर्ध्यात सोडून जातो आणि कोणा एजंटाच्या हातात रोकड ठेवतो. 'खात्री आहे का?' दोनदा विचारलं की लोक वाचत नाहीत, आंधळेपणाने 'हो' दाबतात. त्यापेक्षा पाठवणं अगदी सुटसुटीत ठेवा. ओळखीच्या माणसाला 'मागच्यासारखंच' हे एक बटण, संपलं. बहुतेक लोक दरवेळी त्याच दोन-तीन माणसांना पैसे पाठवतात.

जमाखर्च

पायवाट, 'आंधळेपणाने हो दाबतात' हे तुम्ही अगदी बरोबर बोललात. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण अडाणी ग्राहकाचं नाही, बँकेचं आहे.

११ ऑगस्ट २०२०. सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज कर्जदात्यांना द्यायचं होतं. त्यांच्या प्रणालीत तो व्यवहार असा बसवायचा होता की मुद्दल बँकेच्याच एका अंतर्गत खात्यात वळेल आणि व्याज तेवढं बाहेर जाईल. मुद्दल आत ठेवायचं तर तीन चौकोनांत खूण आणि खातं भरणं जरुरीचं होतं. भरला गेला एकच. एकाने नोंद केली, दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने मंजुरी दिली, आणि व्याजासकट जवळजवळ ९० कोटी डॉलर बाहेर गेले. तिघांनाही वाटत होतं की सगळं ठीक आहे. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. सुमारे ५० कोटी डॉलर परत द्यायला काही कर्जदात्यांनी नकार दिला, फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्याच बाजूने निकाल दिला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

ह्यातून मी एवढंच घेतो की तपासण्या तीन होत्या, पण 'आता बँकेबाहेर ९० कोटी जाणार आहेत' असं रोखठोक वाक्य तिघांपैकी कोणाच्याही नजरेत भरलं नाही. पुष्टीचे पडदे वाढवून काही होत नाही. एकच ठेवा, पण त्यावर 'खात्री आहे का?' नको. बटणावरच लिहा: 'शालिनी यांना ५०० युरो पाठवा'. वाचल्याशिवाय दाबताच येऊ नये असं बटण.

पायवाट

हे पटलं. बटणावर नाव आणि रक्कम असेल तर वेगळा पुष्टीचा पडदा मला खुपणार नाही.

ठळक

मी अपंगांना वापरता येतील अशी संकेतस्थळं तपासते. पैशाच्या व्यवहारांसाठी डब्ल्यूसीएजी ह्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत वेगळी अटच आहे आणि ती २००८ पासून आहे: व्यवहार मागे घेता आला पाहिजे, किंवा चूक तपासून दाखवली गेली पाहिजे, किंवा पाठवण्यापूर्वी पुन्हा पाहून दुरुस्त करता आलं पाहिजे. तिन्हीतलं एक तरी हवंच. तुम्ही तिन्ही द्या. अमेरिकेत परदेशी पैसे पाठवणाऱ्या ग्राहकाला पैसे भरल्यापासून ३० मिनिटांत व्यवहार रद्द करून पूर्ण परतावा मागायचा कायदेशीर हक्क आहे, पलीकडे पैसे जमा झाले नसतील तर. तुमचा कायदा सांगो न सांगो, अशी सोय ठेवा, आणि नंतरच्या पडद्यावर 'थांबवा' बटण कधीपर्यंत चालेल ती घड्याळातली वेळ लिहा.

घड्याळातली वेळ म्हणजे 'सव्वादहापर्यंत'. पळणारे सेकंद नकोत. 'हा दर आणखी ०४:५९' असं उलटं मोजणारं घड्याळ दिसलं की म्हातारा माणूस घाबरून घाई करतो आणि नेमका तिथेच चुकतो.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १. फोनमध्ये अक्षरं दुप्पट मोठी केली तरी बटण पडद्याबाहेर जाता कामा नये. हे प्रत्यक्ष करून बघा, कारण बहुतेक अ‍ॅप इथेच फुटतात. आणि ह्याच तत्त्वांच्या २०२३ च्या आवृत्तीत एक अट नवी आली: प्रवेश करताना पासवर्ड पाठ ठेवायला लावणं किंवा कोडं सोडवायला लावणं हा एकमेव मार्ग नसावा. बोटाचा ठसा, चेहरा, फोनचं स्वतःचं कुलूप, यातलं काही चालू द्या. पासवर्ड चिकटवायला बंदी करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

कोष्टक

ठळक यांना अनुमोदन. रक्कम लिहायच्या चौकटीबद्दल एक भर घालतो.

१.५०० हे जर्मन माणसासाठी दीड हजार, इंग्रज माणसासाठी दीड. कोणी लाखाच्या हिशेबाने स्वल्पविराम देतो, कोणी दर तीन आकड्यांनी. जपानी येनला पैसे नसतातच, कुवेती दिनारला दशांशानंतर तीन आकडे लागतात. तेव्हा आकड्याखाली अक्षरी रक्कम द्या, धनादेशावर लिहितात तशी: 'एक हजार पाचशे युरो फक्त'. टाइप करता करता ती बदलत राहील. शून्य जास्त पडलं तर आकड्यात दिसत नाही, अक्षरात लगेच दिसतं.

खात्याच्या तपशिलाचंही तसंच. आधी देश विचारा, मग त्या देशाला लागतं तेवढंच मागा. युरोपात आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, तोही नॉर्वेत १५ खुणांचा तर जर्मनीत २२. अमेरिकेत आयबॅन नाहीच, तिथे बँक ओळखायला ९ आकडी राउटिंग नंबर. भारतात ११ खुणांचा आयएफएससी, मेक्सिकोत क्लाबे नावाचा १८ आकडी खाते क्रमांक. सगळ्यांना सगळे रकाने दाखवून 'लागू नसल्यास सोडा' लिहिणं हा आळस आहे. आयबॅनमध्ये तिसरा आणि चौथा आकडा तपासणीचा असतो. पहिल्या चार खुणा उचलून शेवटी न्यायच्या, अक्षरांना १० ते ३५ असे आकडे द्यायचे, येईल त्या संख्येला ९७ ने भागायचं, बाकी १ उरली पाहिजे. एखादा आकडा चुकला तर हे फोनवरच कळतं, सर्व्हरला विचारायचीही गरज नाही. मग तीन दिवसांनी 'खाते सापडले नाही' म्हणून पैसे परत कशाला येऊ द्यायचे?

एकनाम

नावाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. मला आडनाव नाही. पासपोर्टवर एकच नाव आहे. ज्या अ‍ॅपला आडनाव सक्तीचं असतं तिथे मी एकच नाव दोनदा लिहितो, आणि मग समोरची बँक म्हणते नाव जुळत नाही. घरच्यांचीही तीच कथा. बँकेत एक स्पेलिंग, ओळखपत्रावर दुसरं.

कृपया नावासाठी एकच चौकट ठेवा, 'बँकेत आहे तसं लिहा' असं सांगा, आणि जमेल तिथे बँकेलाच विचारून नाव दाखवा.

जमाखर्च

एकनाम, तुमचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. स्विफ्टच्या जुन्या निरोपात नाव-पत्त्याला चार ओळी, ओळीला ३५ खुणा, त्याही रोमन लिपीत. जगातली अर्धी नावं त्यात कोंबून बसवलेली.

बँकेला विचारून नाव दाखवणं मात्र आता वाढतंय. ब्रिटनमध्ये ते २०२० पासून आहे. युरो वापरणाऱ्या देशांत ९ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांवर सक्तीचं झालं. तोवर तिथे बहुतेक ठिकाणी पैसे नुसत्या खाते क्रमांकावर जमा व्हायचे, नाव काहीही लिहा. केनियातल्या एम-पेसा ह्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेनेही पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय केली आहे. जिथे ही सोय मिळते तिथे ती घ्याच. उत्तर 'जुळलं', 'जवळपास जुळलं' किंवा 'नाही जुळलं' असं येतं. 'जवळपास'ला लाल रंग देऊ नका. 'तुम्ही लिहिलं असं, बँकेत आहे तसं. हीच व्यक्ती का?' एवढं विचारा.

सावध

फसवणुकीचा विषय राहिला.

चोर आता अ‍ॅप फोडत नाही, माणूस फोडतो. फोनवर गोड बोलून, घाबरवून, त्याच्याच हाताने पैसे पाठवून घेतो. पैसे दुसऱ्या देशात गेले की परत मिळणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे ओळखीच्या माणसाला पाठवणं कितीही सोपं करा, पायवाट म्हणतात तसं एका बटणावर आणा. नव्या माणसाला पहिल्यांदा पाठवताना मात्र अ‍ॅपने मुद्दाम हळू चालावं. जुन्याच माणसाचा खाते क्रमांक बदलला तर तोही नवाच माणूस समजावा. 'माझं खातं बदललंय, ह्या नंबरवर पाठव' असा निरोप मुलाच्या नावाने येतो आणि मुलाला पत्ताही नसतो.

सगळ्यांना सगळीकडे लाल सूचना दाखवू नका, त्या कोणी वाचत नाही. नव्या माणसाला मोठी रक्कम जात असेल तेव्हाच एक प्रश्न: 'आत्ता कोणी फोनवर तुम्हाला हे करायला सांगतंय का?' उत्तर 'हो' आलं तर थांबा, फोन ठेवायला सांगा, आणि आपल्या माणसाशी बोलायला द्या. पडदा दुसऱ्याला दिसत असेल, म्हणजे कोणी दुरून फोनचा ताबा घेतला असेल, तर अ‍ॅपने पाठवणं बंदच ठेवावं.

दूरदेशी

हे वाचून एक विचारतो. हळू चाललं तर चालेल, पण पैसे अडकवलेत तर कारण सांगणार का? माझ्या एका सोबत्याचे पैसे 'तपासणीसाठी' थांबले होते. का, किती दिवस, काय कागद हवा, काही नाही. त्याला वाटलं आपल्याला चोर ठरवलं.

जमाखर्च

दोन प्रकार आहेत, दूरदेशी. निर्बंध यादीतल्या, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे अशा, कोणाशी नाव जुळलं म्हणून थांबलं असेल तर कागद मागता येतो: जन्मतारीख, ओळखपत्र. साधी नावं असणाऱ्यांच्या वाट्याला हे उगीच येतं. तिथे सरळ सांगावं. पण संशयास्पद व्यवहाराचा अहवाल सरकारी यंत्रणेकडे गेला असेल तर ते ग्राहकाला सांगायला मनाई असते. काळ्या पैशाविरुद्ध काम करणाऱ्या एफएटीएफ ह्या आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशींतच ते आहे आणि बहुतेक देशांच्या कायद्यांतही. अ‍ॅप तिथे कारण देऊ शकत नाही. पैसे कुठे आहेत आणि आपण केव्हा बोलणार, हे मात्र सांगू शकतं.

चौकट

काका, हा फरक आमच्या बैठकीत कोणालाच माहीत नव्हता. पाचवी ओळ लिहिली:

'तुमचे ५०० युरो आमच्याकडे आहेत. ते अजून पुढे गेलेले नाहीत. आम्हाला तुमच्या ओळखपत्राचा फोटो हवा आहे. तो मिळाल्यापासून एका दिवसात कळवू.'

कागद नको असेल तेव्हा तिसरं आणि चौथं वाक्य गळेल आणि शेवटी 'उद्या संध्याकाळी ५ पर्यंत आम्हीच तुम्हाला फोन करू' येईल. फोन करणारा माणूस असणार, यंत्र नाही. त्याचा खर्च मी आमच्या हिशेबात आजच धरतेय. ते जमणार नसेल तर अ‍ॅप काढू नये, ह्या मताची मी झालेय.

आता पलीकडच्या माणसाचं. घेणाऱ्याकडे आमचं अ‍ॅप नसेल, साधा फोन असेल. त्याला एसएमएस जाणार. मजकूर असा: 'रोहिणी यांनी तुम्हाला ५०० युरो पाठवले आहेत. तपशील बघण्यासाठी इथे दाबा', पुढे लिंक.

सावध

लिंक काढा. तुमचा खरा एसएमएस लिंकसकट गेला की तसाच खोटाही जाणार, आणि म्हाताऱ्या माणसाला दोन्ही सारखेच. तुमच्या निरोपात कधीच लिंक नसते हे एकदा ठरून गेलं, तर लिंक असलेला निरोप तुमचा नाही हे त्याला सांगता येतं.

ठळक

आणि 'पाठवले आहेत' नको. ते वाचून तो लगेच बँकेत जाऊन उभा राहील. जमा झाल्यावरच निरोप जाऊ दे.

कोष्टक

एसएमएसमध्ये रोमन लिपीत १६० खुणा बसतात. देवनागरी किंवा तशी कोणतीही लिपी वापरली की फक्त ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. त्यापुढे गेलं की निरोप तुकड्यांत जातो, जुन्या फोनवर कधी कधी तुकडे उलटसुलट येतात. ७० च्या आत बसवा.

चौकट

बसवलं. ६२ खुणा, लिंक नाही, चौथी ओळ पुरी झाल्यावरच जाणार:

'रोहिणीकडून ५०० युरो तुमच्या खात्यात जमा झाले. पावती क्र. ४८२१.'

दूरदेशी

तोच निरोप त्याच वेळी मलाही पाठवा. पावती क्रमांक दोघांचा एकच ठेवा, म्हणजे फोनवर आईने वाचून दाखवला की मला माझ्याशी ताडून बघता येईल.

चौकट

ठेवते. तुमच्या पडद्यावर चौथ्या ओळीशेजारी तोच क्रमांक मोठ्या अक्षरात दिसेल.